खिडकीकडच्या सात फळ्या

त्या घरात सगळे तिला मालकीणबाई म्हणत. पगारपत्रकावर ती सफाई कर्मचारी होती, आणि मालकीचं म्हणावं असं तिच्याकडे दोन खोल्या, एक शिवणयंत्र आणि एक निवृत्त टपालवाला नवरा एवढंच होतं, त्यातही खोल्या भाड्याच्या. हे नाव पाडलं होतं तिकीट खिडकीवरच्या कारकुनाने. एकदा एक मंत्री घर बघायला आले, माडीवरच्या खोलीत शिरले आणि हौसेने थेट खुर्चीतच बसले. बरोबरचे अधिकारी नुसते हसऱ्या चेहऱ्याने उभे. ही हातातलं फडकं तसंच धरून म्हणाली, "उठा. ती बसायची खुर्ची नाही." मंत्री उठले. त्या दिवसापासून कारकून तिला मालकीणबाई म्हणू लागला, आधी चिडवायला, मग सवयीने. पुढे तर कचेरीतून येणाऱ्या चिठ्ठ्यांवरही तेच नाव यायला लागलं.

घर देशातल्या एका फार मोठ्या पुढाऱ्याचं होतं, आता तिकीट काढून बघायचं सरकारी स्मारक. पुस्तकांत त्यांच्या नावाआधी दोन-तीन पदव्या असतात, पण या घरात त्यांना नुसतं 'थोरले' म्हणत. म्हातारा स्वयंपाकी तसं म्हणायचा, त्याच्याकडून ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. मालकीणबाईने थोरल्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती सत्ताविसाव्या वर्षी इथे कामाला लागली तेव्हा त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. हे तिचं जुनं दुखणं होतं. स्वयंपाक्याने त्यांना आयुष्यभर जेवू घातलं होतं, माळ्याने त्यांची बोलणी खाल्ली होती, आणि हिच्या वाट्याला आली ती नुसती धूळ.

पण त्या धुळीचं तिने सोनं केलं असं म्हणायला हरकत नाही. जिन्याच्या सोळा पायऱ्यांपैकी नववी बोलते, मेजाचा डावा खण दमट हवेत रुसून बसतो, पुस्तकांच्या रांगेतलं सातवं पुस्तक काढलं की आठवं पडतं, हे तिला डोळे मिटून ठाऊक होतं. थोरल्यांचा चष्मा ती रोज धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाने पुसायची आणि जिथल्या तिथे ठेवायची, एक दांडी किंचित उघडी, म्हणजे माणूस आत्ता उठून बाहेर गेलाय, येईलच इतक्यात, असं वाटावं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

कामाला लागून दोन वर्षं झाली असतील नसतील, तोच त्या बोलक्या नवव्या पायरीवरून ती भरल्या बादलीसकट खाली आली. डावा गुडघा कायमचा आखडला. वाकून पुसणं संपलं. दुसरं कुणी असतं तर खालच्या मजल्यावरचं हलकं काम मागून घेतलं असतं. हिने युक्ती काढली. गोणपाटाची घडी ओली करायची, तिच्यावर भांडी घासायची पूड भुरभुरायची, घडी डाव्या पायाखाली घ्यायची आणि उजव्या पायाने पुढे सरकत जायचं. पाय ताठ असल्यामुळे जोर झकास लागायचा. सुरुवात खिडकीपाशी, शेवट मेजापाशी. उलटं कधी नाही, कारण उलटं गेलं की सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर यायचं. परत फिरताना ती भिंतीच्या कडेने यायची. माडीवरच्या त्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची, आणि त्यातली उघडी जमीन एवढीच होती. उरलेल्या भागात लोकांना उभं राहायला जाड चटई खिळे मारून बसवलेली होती, मालकीणबाई येण्याच्याही आधीपासून. तिच्यावरून फक्त झाडू फिरायचा.

पंधराएक वर्षांपूर्वी एक शिक्षक शाळेची सहल घेऊन आले. पोरं चष्म्याभोवती गलका करत होती, आणि हे गृहस्थ दोरीपाशी उकिडवे बसून जमिनीकडे बघत होते. तिरप्या उन्हात खिडकीपासून मेजापर्यंत फळ्यांवर एक खोलगट पट्टा दिसत होता, माणसाच्या चालीइतका रुंद, डावीकडे जरा जास्तच खोल.

"इथे ते येरझाऱ्या घालत असणार," शिक्षक हलक्या आवाजात म्हणाले. "विचार करत. बघा ना, डाव्या पायावर भार पडायचा त्यांचा."

मालकीणबाईच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण या जमिनीवर राबतोय आणि आपल्याला हे दिसू नये, याची तिला लाज वाटली.

त्या दिवसापासून ती गोष्ट तिची झाली. पहिल्या वर्षी ती लोकांना सांगायची, "इथे थोरले येरझाऱ्या घालत असावेत." दुसऱ्या वर्षी त्यातलं 'असावेत' गळालं. तिसऱ्या वर्षी 'मोठा निर्णय घ्यायचा असला की' हे शब्द येऊन मिळाले, ते कुठून आले हे तिलाही सांगता आलं नसतं. गोष्ट सांगताना माणूस तिखटमीठ लावतोच, आणि समोरच्यांचे चेहरे उजळले की हात आखडता घेणं फार जड जातं. चष्म्यापेक्षा, मेजापेक्षा लोकांना तो पट्टा आवडायचा. एका सुट्टीच्या दिवशी तिने नवऱ्यालाही आणलं. त्या टपालवाल्याने बूट काढून हातात घेतले, दोरी ओलांडून पट्ट्यावरून चार पावलं टाकली, आणि घरी पोचेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. तो माणूस एरवी गप्प बसणाऱ्यांतला नव्हे.

आणि पट्टा कळल्यापासून मालकीणबाई तो अधिकच मन लावून घासू लागली.

तिच्या नोकरीचे शेवटचे चार महिने राहिले तेव्हा घराच्या डागडुजीचं मोठं काम निघालं. आर्किटेक्ट बाई आल्या. चाळिशीच्या, केसात खोचलेली पेन्सिल, कमी बोलणाऱ्या. त्या पहिला आठवडा नुसत्या हिंडल्या, भिंतींवर बोटाने टकटक करत, आणि मालकीणबाईला वाटलं, बाई चांगल्या दिसतात पण काम कधी करणार. मग त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून एक नियम सांगितला.

"हे घर अजून शंभर वर्षं उभं राहायला हवं. तुमच्या नातीच्या नातीने बघितलं पाहिजे. त्यामुळे त्यांच्या हयातीतलं जे असेल ते राहील, मोडकं असलं तरी. नंतरचं जे असेल ते निघेल, चांगलं असलं तरी."

त्या नियमाने पांढऱ्या नळीचे दिवे गेले, दिवाणखान्याचा पोपटी रंग गेला, कारकुनाचं लाडकं माहितीपत्रकांचं कपाटही गेलं. त्याने दोन दिवस तोंड फुगवलं. मालकीणबाईला नियम पसंत पडला. असं कुणीतरी आधीच यायला हवं होतं, असं ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा, आणि कारकुनासकट सगळ्यांना तो नियम ऐकवत फिरली.

मग एका सकाळी ती माडीवर गेली तर खिडकीकडच्या सात फळ्यांवर खडूच्या फुल्या. सुतार गुडघ्यावर बसून आठवी ठोकून बघत होता.

"हे काय मांडलंय?"

"पातळ झाल्यात, मावशी. पाय दिला की लवतात. उद्या कुणी खाली गेला तर? या काढून नव्या टाकायच्या."

मालकीणबाई त्या फुल्यांवर जाऊन उभी राहिली. सुताराने आर्किटेक्ट बाईंना बोलावून आणेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग तिने गोष्ट सांगितली. हजारदा सांगितलेली, पण त्या दिवशी तिखटमीठ जरासुद्धा लावायचं तिला सुचलं नाही. आर्किटेक्ट बाईंनी खिडकीची दारं लोटून घेतली, बॅटरी जमिनीला टेकवून तिरपा उजेड पाडला. पट्टा उठून दिसला. त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग स्वतःच्या रुमालाने त्यांनी सातही फुल्या पुसल्या.

"या फळ्या राहतील. खालून आधार देऊ, वरून काच टाकू. आणि बाजूला पितळी पाटी लावू."

पाटीचा मजकूर त्यांनी मालकीणबाईला वाचायला दिला. 'खिडकी ते मेज या जागेत येरझाऱ्या घालत ते विचार करीत. फळ्यांवरील झीज त्यांच्या पावलांची आहे.' गुरुवारी पितळेवर कोरणाऱ्याकडे जायचा होता. तिने तो कागद घरी नेला, नातीकडून मोठ्याने वाचून घेतला, सुनेला ऐकवला. नोकरी संपताना माणूस हात हलवत घरी येतो. आपण मात्र काहीतरी वाचवून येतोय, असं तिला वाटलं, आणि ते तिला फार गोड वाटलं.

मंगळवारी दुपारी एक म्हातारी बाई गाडीतून उतरल्या. थोरल्यांची पुतणी, वय चौऱ्याऐंशी. आर्किटेक्ट बाईंनी नातलगांना जुन्या फोटोंसाठी पत्रं पाठवली होती, त्याला उत्तर म्हणून त्या स्वतःच आल्या. आर्किटेक्ट बाई त्या दिवशी बाहेरगावी होत्या. पुतणीबाईंनी ऐकलं नाही, कारकुनाच्या आधाराने सोळा पायऱ्या चढल्याच. माडीवर येऊन बाकावर टेकल्या, दम खाल्ला, आणि चष्म्यातून सगळीकडे बघत म्हणाल्या, "मेज इकडे कुणी आणलं?"

मालकीणबाईला प्रश्नच कळला नाही. "मेज इथेच आहे की, पहिल्यापासून."

"छे. मेज त्या भिंतीला होतं. आता तुमची चटई आहे ना, तिथे. इथे कपाट होतं काकांच्या पुस्तकांचं. खिडकीपासून पार मेज आहे तिथवर, आडवं. त्याच्यामागे आम्ही लपायचो." त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं, त्यातून फोटो काढला. "हा बघा. ही मी, परकर धरून उभी आहे ती."

फोटोत खोली तीच होती, खिडकी तीच होती, आणि खिडकीपासून अर्ध्या खोलीपर्यंत भिंतीसारखं कपाट आडवं पसरलं होतं. बरोबर पट्ट्यावर.

"नंतर हलवलं असेल," मालकीणबाई म्हणाली. "थोरले असतानाच."

"ते गेले त्या दिवशीही तिथेच होतं. सरकारने घर घेतलं तेव्हा ते ग्रंथालयाला दिलं."

"मग ते येरझाऱ्या कुठे घालायचे?"

"येरझाऱ्या? काका?" पुतणीबाई हसल्या. "अहो, त्यांना संधिवात. एकदा खुर्चीत बसले की जेवायची हाक येईपर्यंत उठायचं नाव नाही. विचार सगळा बसूनच. कधीकधी डोळे मिटून. आम्ही चवड्यांवर चालायचो, काका विचार करतायत म्हणून, आणि मग घोरणं ऐकू यायचं."

जाताना त्यांनी फोटो मालकीणबाईच्याच हातात दिला. "तुम्ही घरच्याच. तुमच्यापाशी असू द्या, त्या बाई आल्या की द्या." कारकून गाडीचं दार धरायला पळाला. फोटोत काय आहे हे त्याने बघितलंही नाही.

बुधवारी सकाळी तिने नेहमीसारखी खिडकी उघडली, गोणपाटाची घडी ओली केली, पूड भुरभुरली. घडी डाव्या पायाखाली घेतली. पहिलं पाऊल सरकवलं आणि ती थांबली. पाय खोलगटात असा बसला होता जसा आपल्याच जुन्या चपलेत बसतो. तिने दुसरं पाऊल सरकवलं, तिसरं. डावीकडे खोल, उजवीकडे उथळ. जिथे ती रोज वळायची तिथे पट्टा वळत होता. जिथे ती दम घ्यायला थांबायची, मेजाच्या दोन हात अलीकडे, तिथे तो सगळ्यात खोल होता.

तिने घडी उचलून बादलीत टाकली आणि त्या दिवशी जमीन पुसली नाही. एकतीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं.

दुपारी एकच्या ठोक्याला नवरा डबा घेऊन आला. निवृत्त झाल्यापासून तो रोज यायचा. काहीतरी पोचवल्याशिवाय त्याला दिवस गेल्यासारखा वाटत नसे. मागच्या अंगणातल्या पायरीवर दोघं बसली. तिने डबा उघडला नाही. फोटो दाखवला, आणि सकाळचं सगळं सांगितलं.

तो बराच वेळ फोटो जवळ-लांब धरत राहिला. "म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "मी त्या दिवशी बूट काढून चाललो, ते तुझ्या वाटेवरून?"

"हो."

"आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"मला कुठे सांगितलंत तेव्हा?"

तो हसायला लागला. हसता हसता खोकला, पुन्हा हसला. "चाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या पायाखालच्या मातीला नमस्कार करायचा तेवढा राहिला होता, तोही झाला." तिला मात्र हसू येईना, तेव्हा त्याने आवरतं घेतलं. "अगं, सांगू नकोस. कुणाचं काय अडलंय? लोकांना बरं वाटतं. तुलाही वाटतं."

"उद्या पाटी कोरायला जाणार."

"जाऊ दे की."

"मी बोलते ते वाऱ्यावर जातं हो. पितळ राहणार. पुढची माणसं ते वाचणार, आणि त्यांना सांगायला मी नसणार."

"आणि तुला काय म्हणतील? निरोप समारंभ ठरलाय तुझा. घर सांभाळलं म्हणून शाल देणार, आणि त्याच तोंडाने म्हणतील, हिनेच जमीन घासून घासून भोक पाडलं."

ती भीती तिलाही सकाळपासून होती. खोटं सांगितल्याची लाज वाटावी तर ते तिने जाणूनबुजून सांगितलं नव्हतं. पण घासलं मात्र तिनेच होतं. जे जपायचं तेच आपल्या पायाखाली झिजत होतं, आणि आपण पूड भुरभुरत होतो.

नवऱ्याने डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "एक सांगू? टपालात असताना कधीकधी पत्ता चुकलेलं पत्र यायचं. ज्याच्या दारात जायचं, तो बिचारा वर्षभर पत्राची वाट बघत असायचा. द्यावंसं वाटायचं. पण त्याचं नसलं की नाही देता यायचं." मग तो उठला, विजार झटकली. "जेव आधी. आणि मग काय करायचं ते कर. मी सांगू नकोस म्हटलं होतं हे त्या बाईंना सांगू नकोस म्हणजे झालं."

आर्किटेक्ट बाई चारला आल्या. मालकीणबाई त्यांना माडीवर घेऊन गेली, फोटो हातात दिला आणि कपाट कुठे होतं ते दाखवलं. बाईंच्या लगेच लक्षात आलं. "मग ही झीज कुणाची?"

मालकीणबाईने सांगितलं नाही. तिने गोणपाटाची घडी डाव्या पायाखाली घेतली, खिडकीपाशी उभी राहिली, आणि मेजापर्यंत सरकत गेली. वळायचं तिथे वळली, थांबायचं तिथे थांबली. मग तिथूनच म्हणाली, "माझी."

खाली कारकून कुणालातरी सुट्टे पैसे नाहीत म्हणून सांगत होता, ते वर ऐकू येत होतं.

"रोज?" आर्किटेक्ट बाईंनी विचारलं.

"सोमवार सोडून. सोमवारी घर बंद असतं."

"पूड कसली?"

"भांडी घासायची."

बाईंनी कपाळाला हात लावला, पण रागावल्या नाहीत. "मी बॅटरी लावून बघितलं," त्या म्हणाल्या. "मला शिकवलंय हे ओळखायला. गोष्ट इतकी छान होती की मी मोजमापच घेतलं नाही." त्यांनी केसातली पेन्सिल काढली, पाटीच्या मजकुरावर आडवी रेघ मारली. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, या फळ्या आता निघणार. कळतंय ना?"

"नियम मीच सगळ्यांना सांगत फिरले होते. कारकुनाच्या कपाटाच्या वेळी."

रेघ मारलेला कागद बाजूला ठेवल्यावर बाईंनी फोटो परत उचलला. मेज त्या भिंतीला. म्हणजे चटईखाली. त्यांनी सुताराला हाक मारली.

खिळे गंजलेले होते, एकेक करकरत निघाला. चटई गुंडाळली तेव्हा धुळीचा लोट उठला, आणि खाली जी जमीन निघाली ती मालकीणबाईने कधीच पाहिली नव्हती. मधाच्या रंगाची, न घासलेली. भिंतीपाशी मेजाच्या चार पायांचे चार खड्डे. त्यांच्यामागे खुर्ची मागे सरकवल्याचा अर्धगोल ओरखडा. शाईचे तीन डाग, एक मोठा, दोन बारीक. आणि मेजाखाली, जिथे बसलेल्या माणसाचे पाय येतात तिथे, दोन लहानशा गुळगुळीत खळग्या. अंगठा बसेल एवढ्या.

"टाचा," आर्किटेक्ट बाई म्हणाल्या. "बसल्या बसल्या टाचा घासायचे ते."

मालकीणबाई खाली बसू शकत नव्हती. ती कमरेत वाकून बघत राहिली. एकतीस वर्षं ती ज्या माणसाची वाट बघत चष्म्याची दांडी उघडी ठेवत होती, तो इथे होता, चार हातांवर, चटईखाली. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोलायचं, डोळे भरूनच आले. आणि त्याच क्षणी आत काहीतरी फार दुखलं. कारण त्यांचं खरं जे उरलं होतं ते तिचा पाय तिथे पोचला नाही म्हणून उरलं होतं. धूळ पुसायला तिचा हात आपोआप पुढे गेला. तिने तो मागे घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

पुढच्या पंधरा दिवसांत मेज आपल्या जुन्या जागी गेलं. सात फळ्या निघाल्या. नव्या फळ्या सुताराने रंधा मारून बसवल्या, रंग जुन्यासारखा, पण सपाट. जमिनीसाठी नवा नियम आला: मऊ ब्रश, कोरडा, पूड नाही, पाणी नाही. मालकीणबाईला कापडी जोडे मिळाले, ते घालून चालायचं. कारकून म्हणाला, "मालकीणबाई, आता तुमच्या पावलांचा आवाजच येत नाही, दचकायला होतं." लोक अजूनही विचारायचे, ती येरझाऱ्यांची जागा कुठे गेली. ती खरं सांगायची. काहींना ते आवडायचं, काहींचा चेहरा पडायचा. ते शिक्षक पुन्हा सहल घेऊन आले तेव्हा त्यांनी तर साफ अविश्वास दाखवला. "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय," ते म्हणाले, आणि जाताना पोरांना जिन्यात काहीतरी हळू आवाजात सांगत होते. तिने ओळखलं काय ते. नववी पायरी बोलली आणि ते खाली उतरले.

तिच्या शेवटच्या दिवशी, शाल वगैरे होऊन गेल्यावर, आर्किटेक्ट बाईंनी तिला माडीवर बोलावलं. मेजावर नाही, बाकावर, एक जाड वही उघडी होती. घराची नोंदवही. काय काढलं, काय घातलं, कशामुळे, सगळं त्यात लिहायचं, म्हणजे शंभर वर्षांनी कुणी डागडुजीला आलं तर त्याला कळेल.

"तुमच्या फळ्यांचं राहिलंय," बाई म्हणाल्या. "ऐका. 'खिडकीकडच्या सात फळ्या बदलल्या. कारण, झीज. झीज पावलांची, एकतीस वर्षं रोज केलेल्या सफाईची.' इथे नाव हवं. तुमचं काय लिहू?"

"मालकीणबाईच लिहा. खरं नाव लिहिलंत तर इथल्या कुणाला कळायचं नाही ही कोण."

बाईंनी लिहिलं. वही तिच्याकडे वळवली. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं, बोट ओळीवरून फिरवत, आणि एका शब्दापाशी बोट थांबलं.

"हे एकतीस चुकलंय. एकोणतीस करा."

"पण तुम्ही एकतीस वर्षं..."

"पहिली दोन वर्षं गुडघा धड होता. वाकून, नुसत्या ओल्या फडक्याने पुसायची मी. त्यात काही झिजलेलं नाही. ती धरू नका."

बाईंनी एकतीस खोडलं, वर एकोणतीस लिहिलं आणि खोडल्याच्या बाजूला सही केली. मालकीणबाईने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिने वही मिटली, उन्हं उतरली होती म्हणून खिडकी लावायला गेली, आणि परत येताना नेहमीसारखी भिंतीच्या कडेने आली.